हेनिंगचा हात

सूर थांबून बराच वेळ झाला होता, आणि आल्मुट अजून काही बोलली नव्हती.

एकार्टने संगणकाच्या पडद्यावरून नजर काढली नाही. पडद्यावरची उभी रेघ संगीताच्या तुकड्याच्या टोकाशी जाऊन थांबली होती आणि तिच्यापुढे नुसती राखाडी, रिकामी जागा पसरली होती. ही खोली शांततेसाठीच बांधलेली होती. भिंतींना वीतभर जाडीचा स्पंज, दाराला दुहेरी रबर. श्रवणयंत्रांच्या त्याच्या दुकानातली ही तपासणीची खोली. बारमेन गावातली म्हातारी माणसे इथे कानांवर हेडफोन चढवून बसत आणि सूर ऐकू आला की हातातले बटण दाबत. कित्येकदा ती न आलेल्या सुरालाही बटण दाबत, कारण काहीच ऐकू न येण्यापेक्षा खोटे ऐकू येणे त्यांना बरे वाटे. एकार्टला ते ओळखू येई, आणि तो काही बोलत नसे. बाहेर नदीवरून झुलत जाणाऱ्या टांगत्या रेल्वेची घरघर, शेजारच्या बेकरीतल्या यंत्राचा हुंकार, पन्हळीतले पाणी, यांतले काहीही आत पोचत नसे. त्यामुळे इथे माणूस गप्प राहिला की त्याचे गप्प राहणे एखाद्या जड सामानासारखे दोघांच्या मधे येऊन बसे. बावीस वर्षे याच खोलीत लोकांना काय ऐकू येते आणि काय येत नाही हे मोजून त्याने पोट भरले होते. समोर बसलेल्या बाईला आत्ता काय ऐकू आले, हे मात्र त्याला मोजता येत नव्हते.

ती अंगातला कोट न काढताच बसली होती. आल्या आल्या तिने चष्म्यावरचे थेंब पुसत म्हटले होते, "तुझ्या दुकानात पाऊल टाकलं की मला उगाच बहिरं झाल्यासारखं वाटतं," आणि दोघेही गरजेपेक्षा थोडे जास्तच हसले होते. बुधवारची दुपार होती. बुधवारी दुपारनंतर दुकान बंद असे. आता तिचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते आणि ती डावीकडच्या स्पीकरकडे अशी बघत होती, जशी बंद दारावरची पाटी कोणी पुन्हा पुन्हा वाचावी. हेनिंग मार्चमध्ये गेला. येत्या शनिवारी तो एकसष्ट वर्षांचा झाला असता. त्या दिवशी रिबिनींच्या जुन्या कारखान्याच्या दालनात वीस-पंचवीस माणसे जमणार होती. आल्मुटने सर्वांना कळवले होते की भाषण कोणी करायचे नाही, फुले आणायची नाहीत. वाटाण्याचे सूप असेल, आणि सुपाच्या आधी हेनिंगने शेवटी बसवलेला चार मिनिटांचा तुकडा एकदा वाजेल. तिच्या नवऱ्याविषयी कोणाला काही सांगायचे असेल तर ते त्या तुकड्यानेच सांगावे, अशी तिची इच्छा होती. तो तुकडा कधी ध्वनिमुद्रित झालेला नव्हता. तो फक्त डब्यात होता.

डबा हा हेनिंगचाच शब्द. बुटांच्या खोक्याएवढा, करड्या पत्र्याचा, तीस वर्षांपूर्वीचा सीक्वेन्सर. वर सोळा बटणे आणि सोळा दिवे. त्याला स्वतःचा आवाज नव्हता. कोणता सूर, किती जोराने, नेमका केव्हा, एवढेच तो लक्षात ठेवी आणि तारांनी जोडलेल्या वाद्यांना ते वेळच्या वेळी सांगे. स्वतः मुका, आणि बाकीच्यांना बोलायला लावणारा. त्याची सगळी आठवण आतल्या एका नाण्याएवढ्या बॅटरीवर तगून होती. हेनिंग गेल्यावर दर रविवारी आल्मुट तळघरात उतरे, डबा चालू करी, एक बटण दाबी, चार मिनिटे पायरीवर बसून राही आणि वर येऊन बटाटे सोलायला घेई. ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी डब्याच्या इवल्या खिडकीत अक्षरे उमटली की बॅटरी संपत आली आहे. दुसऱ्या दिवशी ती डबा टॉवेलात गुंडाळून घेऊन आली. "तू कॉम्प्युटरवाला," ती म्हणाली होती, "तुझ्याकडे सुरक्षित राहील." त्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते त्याला लागले होते.

आणि आत्ता या खोलीत जे वाजले, ते हेनिंगचे नव्हते.

निदान पूर्णपणे नव्हते. पण हा 'पूर्णपणे' किती मोठा आणि किती पोकळ शब्द होता हे एकार्टला गेल्या तीन आठवड्यांत कळून चुकले होते. डबा आला त्याच आठवड्यात त्याने तो तारेने संगणकाला जोडला आणि तुकडा एकदा डब्यातून संगणकात वाहू दिला. संगणकातले पान आखलेले असते. प्रत्येक ठोक्याच्या बारीक उभ्या रेघा. आणि एक सोय अशी असते की येणारा सूर रेघेच्या अलीकडे-पलीकडे कुठेही पडला तरी त्याला उचलून जवळच्या रेघेवर नेऊन बसवायचे. एकार्टने ती सोय अकरा वर्षांपूर्वी चालू करून ठेवली होती, कारण त्याचा स्वतःचा हात नेहमी किंचित आधी पडे. एवढासा, पापणी हलायला लागतो त्याहून कमी वेळ आधी. पण प्रत्येक वेळी. हे त्याने कोणाला सांगितले नव्हते. रेघा त्याची अधीरता झाकत, आणि काळाच्या ओघात ती सोय चालू आहे हेच तो विसरला, जसा माणूस नाकावरचा चष्मा विसरतो. त्या दिवशी पडद्यावर नऊशेहून अधिक सूर ओळीने उभे राहिलेले बघून त्याला समाधानच वाटले. त्याने ऐकून पाहिले नाही. जतन केले, कार्यक्रम बंद केला, काळ्या पावाचे दोन काप आणि सॉसेज खाल्ले, हात धुतले आणि डबा उघडायला घेतला. अशा डब्यांची बॅटरी वीज चालू ठेवून, श्वास रोखून बदलायची असते. वीज तुटली आणि बॅटरीही निघाली की दोन-चार क्षणांत आतले सगळे पुसले जाते. हेनिंगने हे काम आल्मुटला टॉर्च धरायला लावून दोनदा केले होते. एकार्टलाही ते माहीत होते. पण उघडण्यापूर्वी तार काढायची हा त्याच्या हातांचा बावीस वर्षांचा धंदेवाईक नेम, आणि शिवाय प्रत तर घेतलेलीच होती. प्रत घेतली आहे: या तीन शब्दांवर तो इतकी वर्षे निर्धास्त झोपत आला होता. नवी बॅटरी बसवून त्याने डबा चालू केला. खिडकीत एकच शब्द आला, रिकामे. तेव्हाही तो दचकला नाही. त्याने प्रत उघडली, वाजवली, आणि आठव्या मात्रेपाशी त्याला ते कळले. सगळे सूर रेघेवर होते. शाळेच्या फोटोसाठी दटावून बसवलेल्या मुलांसारखे सगळे जागच्या जागी, आणि एकाच्याही चेहऱ्यावर काही नाही. केलेले मागे घ्यायची सोय संगणकात असते; पण ती कार्यक्रम बंद करेपर्यंतच.

खरे तर हेनिंगशी त्याचे सगळे भांडण त्या मागे घेण्यावरूनच झाले होते. एकोणीस वर्षे दर गुरुवारी सहा वाजता एकार्ट डोंगरउताराच्या पायऱ्या चढून हेनिंगच्या पाटीदगडांनी मढवलेल्या घरी जाई आणि तिथून पुन्हा खाली तळघरात उतरे. तिथे कोळशाच्या जुन्या कप्प्यात दोन टेबले समोरासमोर लावलेली असत, आणि त्यांवर दोघे मिळून वाजवत. हेनिंग एका शाळेत देखभालीचे काम बघे. बॉयलर, कुलुपे, फुटलेल्या काचा. त्याची आई रिबिनी विणणाऱ्या मागांसाठी पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोके पाडण्याचे काम करायची; कोणता धागा केव्हा वर उचलायचा हे मागाला त्या भोकांवरून कळे. एक भोक चुकले तर रिबिनीवरच्या प्रत्येक फुलाची एक पाकळी कमी होई, आणि ती रिबीन तशीच विकली जाई. त्या चुकलेल्या रिबिनीचा एक तुकडा हेनिंगच्या डब्याखाली अंथरलेला असे. पहिल्यांदा एकार्ट संगणक घेऊन तळघरात उतरला तेव्हा हेनिंग म्हणाला होता, "या, कारकून आले. फाइल उघडा, फाइल बंद करा." त्यावर एकार्ट म्हणाला, "आणि तू लेका ट्रॅक्टर चालव." दोघे हसले होते. एकार्टने त्याला दाखवले की इथे हवे तेवढे पदर चढवता येतात, हवे ते पुसता येते, चुकले तर मागे जाता येते, मागून आणखी मागे, अगदी पहिल्या कोऱ्या पानापर्यंत. हेनिंगने सगळे लक्षपूर्वक पाहिले. मग त्याने विचारले होते की कोऱ्या पानापर्यंत परत जाता येत असेल तर माणूस पुढे कशासाठी जाईल. ते त्याने भांडण्यासाठी विचारलेले नव्हते. त्याला खरोखर उत्तर हवे होते, आणि एकार्टने तेव्हा ते विनोदावारी नेले.

मग रेमशाइडच्या मंडईतली ती मैफल झाली. चाळीस-पन्नास माणसे, प्लास्टिकच्या खुर्च्या. तिसऱ्या तुकड्याच्या मध्यावर डबा अडला. सोळा दिव्यांपैकी एकच लागून राहिला आणि बाकीचे विझले. हेनिंगचे हात हवेत तसेच राहिले, जणू कोणी त्याला नेम धरून थांबवले होते. एकार्टने काय केले? त्याने खबरदारी म्हणून हेनिंगचा सगळा भाग संगणकात आधीच भरून ठेवला होता, त्याला न सांगता. त्याने बोट हलवले आणि तुकडा चालू राहिला. लोकांना काहीच कळले नाही. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. परतताना गाडीत हेनिंग बराच वेळ काचेबाहेर बघत होता, आणि मग सावकाश म्हणाला, "बरं झालं कळलं. मी नसलो तरी चालतं." एकार्ट संतापला. आपण मैफल वाचवली, तुझी अब्रू वाचवली, यंत्रांच्या बाबतीत माणसाने इतके हळवे असू नये, असे तो पुष्कळ काही बोलला. यंत्रांविषयीच बोलत राहिला, कारण यंत्रांविषयी बोलणे सोपे होते. त्यानंतर एक गुरुवार त्याला सर्दी झाली. पुढच्या गुरुवारी दुकानात हिशेबनीस येणार होता. तिसऱ्या गुरुवारी त्याने कळवलेही नाही, आणि हेनिंगने विचारलेही नाही. अशा रीतीने एकोणीस वर्षे बंद पडली. कोणी दार आपटले नाही, फक्त कोणी ते उघडायला गेले नाही.

पुढची सहा वर्षे ते महिन्या-दीड महिन्याने स्टेशनजवळच्या कॉफीगृहात भेटत. तिथेच एकार्टने पहिल्यांदा तो हात पाहिला. टेबलावर ठेवलेला डावा हात, आणि त्याचा अंगठा तर्जनीवर एकसारखा घासत असलेला, जणू न दिसणारी गोळी वळत असावा. बशीतला चमचा बारीक किणकिणत होता. हेनिंगने त्याच्या नजरेचा रोख पाहिला आणि म्हणाला, "बघ, आता मला ठोके देणाऱ्या मेट्रोनोमची गरज नाही. पठ्ठ्या स्वतःहून सुरू असतो." एकार्टला हसता आले नाही. डॉक्टरांनी काय सांगितले, गोळ्या केव्हा घ्यायच्या, हे हेनिंगने हवामान सांगावे तसे सांगितले. मग म्हणाला की डबा अजून चालू आहे, एक नवीन काहीतरी बसवतो आहे, हाताने वाजवूनच भरतो आहे, बटणांनी नाही. ये एकदा ऐकायला. एकार्टने येतो म्हटले. पायऱ्या, गुडघा, नोव्हेंबरातले काम, मग ख्रिसमसची गर्दी. तळघरात उतरणे म्हणजे जिथे आपण चुकलो तिथे परत जाणे, हे त्याला आतून कुठेतरी माहीत होते. प्रत्येक भेटीत एकार्ट तो हात बघत राहिला. त्या शेवटच्या दोन वर्षांत हेनिंगविषयी त्याच्या मनात दुसरे काही उरलेच नाही. झोपेत दिसायचा तोही हातच. पांढऱ्या टेबलावर ठेवलेला, थरथरणारा हात.

म्हणून तर त्याला ते जमले, किंवा जमले असे वाटले. सरळ झालेल्या प्रतीसमोर दोन दिवस सुन्न बसल्यावर त्याने ठरवले की आल्मुटला सांगायचे नाही. एका विधवेकडून ती रविवारची चार मिनिटेही काढून घ्यायची? त्याऐवजी तो ती परत घडवणार होता. एकेक सूर धरून तो रेघेवरून हलवू लागला; हा थोडा आधी, हा थोडा मागे, हा जरा हलका, हा जरा जड. कॉफीगृहातल्या चमच्याचे किणकिणणे त्याने आठवून आठवून त्या नऊशे सुरांत पेरले. दुकान बंद झाल्यावर रोज दोन तास. कधी कधी एखादी ओळ वाजवून पाहताना त्याला भास होई की हेनिंग पलीकडच्या टेबलावर बसला आहे, आणि मग डोळे भरून येत, आणि त्या भरून येण्यालाच तो आपल्या कामाचा पुरावा मानी. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने रेघा मोडल्या होत्या. हेनिंगने हे पाहिले असते तर, असेही त्याच्या मनात येऊन गेले; आणि लगेच लाजही वाटली.

"पुन्हा लाव," आल्मुट म्हणाली.

तिच्या आवाजाने तो दचकला. त्याने पुन्हा लावले. पहिले सूर खालचे, ऑर्गनसारखे, एकमेकांपासून लांब. मग त्यांच्यावर बारीक काचेसारखे सूर यायला लागतात, आधी एकेकटे, मग जोडीने. एकार्ट या वेळी तिच्या हातांकडे बघत होता. माणूस खरे ऐकत असला की त्याची बोटे कुठेतरी बोलतात, हे त्याला धंद्याने शिकवले होते. तिची बोटे पिशवीच्या कडेवर होती. सुरुवातीला ती हलकेच उचलली गेली, जणू पुढे काय येणार ते ती ओळखून होती. मग हवेतच थांबली, जागा चुकल्यासारखी. पुन्हा उचलली, पुन्हा थांबली. अर्ध्यावर आल्यानंतर ती पिशवीवर पडून राहिली आणि मग हललीच नाहीत. एकार्टला आतून उबळ आली की बटण दाबावे आणि सगळे बंद करावे. त्याने दाबले नाही. तुकडा संपला.

"त्याचा हात थरथरतोय यात," ती म्हणाली.

एकार्ट खुर्चीत पुढे सरकला. ओळखला. तिने ओळखला. "हो," तो म्हणाला, आणि त्या एका अक्षराने त्याला इतके हलके वाटले की तो पुढेही बोलला, "जिथे तिथे आहे तो. मलाही ऐकताना..."

"वाजवताना त्याचा हात थरथरायचा नाही, एकार्ट."

ती अजून स्पीकरकडेच बघत होती. ती सावकाश बोलत राहिली. मुलाला घरचा पत्ता समजावून सांगावा तशी, न चिडता. तो हात नुसता ठेवला की थरथरायचा. टेबलावर, मांडीवर, टीव्ही बघताना. झोपेत थांबायचा, आणि वाजवताना थांबायचा. डॉक्टर म्हणाले होते की या दुखण्यात असे होते, हाताला काम दिले की तो काही वेळ शांत राहतो. म्हणून तर हेनिंग खाली जायचा. रोज सकाळी, औषध लागू पडले की तासाभराने, चाळीस मिनिटे. ती वर स्वयंपाकघरात काही न करता बसून राहायची, पायांखालून येणारे ऐकत, कारण दिवसातली तेवढी चाळीस मिनिटे घरात काहीच किणकिणायचे नाही.

"तुला ते कसं माहीत असणार," ती म्हणाली. "तू त्याला कॉफी पिताना बघितलंस."

एकार्टने पडद्यावरच्या सुरांकडे पाहिले. खोलीच्या भिंती त्याच्या जवळ आल्यासारख्या वाटल्या. थरथर नव्हती. मग जे त्याने सरळ करून टाकले, पुसून टाकले, ते काय होते? त्या नऊशे सुरांत रेघेपासून बाजूला असे काय उभे होते, जे त्याच्या संगणकाने उचलून जागेवर नेऊन बसवले? तीन आठवडे तो एका हरवलेल्या माणसाचा चेहरा रंगवत होता, आणि आता कोणी सांगत होते की त्या माणसाला तू समोरून कधी पाहिलेच नाहीस.

"मग कसं होतं ते?" त्याने विचारले.

"उशीर व्हायचा," आल्मुट म्हणाली. "डाव्या हाताला. सूर यायचा तेव्हा नीटच यायचा, पण उशिरा. पहिल्या वर्षी तो चिडायचा, शिव्या द्यायचा त्याला. मग एक दिवस चिडणं थांबलं. मी खाली गेले तर म्हणतो, ऐक, आता उजवा डाव्यासाठी थांबतो." तिने पिशवीवरचा आपला उजवा हात बघितला आणि परत खाली ठेवला. "सबंध तुकडा तेवढाच आहे, एकार्ट. एक थांबतो, दुसरा येतो, मग दोघं पुढे जातात. पुढे पुढे जास्त थांबावं लागतं. शेवटाला तर वाटतं की आता येतच नाही. येतो. तू हे कुठून आणलंस?"

तेव्हा त्याने सांगितले. सगळे एका दमात, क्रमाने, दुकानातल्या एखाद्या यंत्राचा बिघाड समजावून सांगावा तसे: रेघा, सोय, प्रत, तार, बॅटरी, खिडकीतला तो शब्द. मग ते बनावट थरथरणे. सांगताना त्याला जाणवत होते की आपण अजूनही यंत्रांविषयीच बोलतो आहोत. मधे त्याने माफ कर असे म्हटले. ते शब्द स्पंजात शिरून नाहीसे झाले. आल्मुटने मधे एकदाही अडवले नाही. फक्त शेवटी विचारले, "म्हणजे डब्यात आता काहीच नाही?"

"नाही."

"आणि ते सरळ केलेलं? ते लाव."

त्याने जुनी प्रत उघडली आणि वाजवली. तेच खालचे सूर, तेच काचेचे सूर, कोणी कोणासाठी न थांबता आपापल्या वेळेला येऊन निघून जाणारे. ती मिनिटभर ऐकत राहिली. "बंद कर," ती म्हणाली. तिने चष्मा काढला, पण डोळे कोरडेच होते. ती नुसती काच पुसत राहिली, आधीच स्वच्छ असलेली.

मग ती उठली. तपासणीच्या टेबलावर डबा ठेवला होता, तिच्या टॉवेलावरच. तिने दोन्ही हातांनी तो उचलून बाजूला ठेवला, टॉवेलाची घडी घातली, उलगडून पुन्हा नीट घातली आणि टॉवेल पिशवीत ठेवला. डब्याकडे तिने पुन्हा पाहिले नाही. निळ्या पट्ट्यांचा तो विरलेला टॉवेल तळघराच्या दारामागे असायचा, हे एकार्टला आत्ता आठवले. हेनिंग वाजवण्यापूर्वी त्याला हात पुसायचा.

एकार्टही उठून उभा राहिला. काहीतरी करता येण्याजोगे असलेच पाहिजे असे त्याला वाटत होते. करता येण्याजोगे काही नसणे ही गोष्ट त्याच्या सवयीत नव्हती. आणि मग त्याला ते सुचले, आणि सुचल्याबरोबर ते इतके उघड वाटले की तो जवळजवळ हसला.

"आल्मुट, तुला येतं ते," तो म्हणाला. "अगं, तू दोन वर्षं ऐकलंस. रविवारी रविवारी ऐकलंस. तुझ्या बोटांना माहीत आहे, मी आत्ता बघितलं. बस इथे. सूर सगळे आहेत माझ्याकडे, एकही गेलेला नाही, फक्त केव्हा ते गेलंय. तू टेबलावर नुसतं बोटाने सांग. डावा केव्हा आला, उजवा किती थांबला. मी एकेक करून बसवतो. शनिवारपर्यंत होईल. शनिवारपर्यंत नक्की होईल. आपण दोघं मिळून..."

ती त्याच्याकडे बघत होती. तिच्या बघण्यात राग नव्हता, आणि तो शोधत होता ती क्षमाही नव्हती. अनोळखी गावात रस्ता विचारल्यावर माणूस समोरच्याचे ओठ बघतो तसे काहीतरी होते. तिचा उजवा हात कोटाच्या बाहीतून थोडा बाहेर आला आणि टेबलाच्या कडेवर येऊन टेकला. संगणकाच्या पट्टीवर त्याने आधीच बोट ठेवले होते. सुरांना रेघांवर बसवणारी ती सोय त्याने बंदही केली होती. तिचे पहिले बोट किंचित उचलले गेले. ते उचललेलेच राहिले.

"सांग ना," तो म्हणाला. "किती थांबायचा?"

आल्मुटने हात परत घेतला. कोटाचे वरचे बटण तेवढे उघडे होते ते तिने लावले, दाराचा जड दांडा खाली केला, आणि दुहेरी रबर फाटल्यासारखा आवाज करत दार उघडले. बाहेरचे सगळे एकदम आत आले: बेकरीचे यंत्र, पन्हळीतले पाणी, नदीवरून जाणारी गाडी. दुकानाच्या काचेपलीकडे ती त्याला दिसली, रस्त्याच्या कडेला. दोन्ही बाजूंना एकही मोटार नव्हती, तरी सिग्नलमधली माणसाची आकृती लाल होती म्हणून ती उभी राहिली, पिशवी छातीशी धरून. मग आकृती हिरवी झाली, आणि ती रस्ता ओलांडून निघून गेली.